तीन हात सूत

१२ जाने. १९६८, शुक्र.
निघालो होतो रामटेकला. नागपूरच्या स्टँडवर उमरेडची बस आधी सुटली, तीत बसलो. मग मामाजींच्या गावी उतरणं आलंच. दोन दिवस म्हणून आलो, आज दहावा.

मामाजी अफू सोडताहेत. पाळण्यात असतानाच लागली म्हणतात. आईला मागावर बसायचं, पोर झोपलं पाहिजे, बोटावर घेऊन चाटवायची. तेव्हा घरोघरी तेच. बाकीच्यांची सुटली, यांची नाही. सरकारी कार्डावर मिळते, जुन्या खाणाऱ्यांना. आता नवं कार्ड निघत नाही.

कमलताई खापरखेड्याला कॉलनीत. मामाजींची एकुलती लेक. तिचं पोरगं चार महिन्यांचं झालं, आज्यानं अजून पाहिलं नाही. ताईनं निरोप धाडला, "घरात अफूची डबी हाय तोवर लेकराले आणत नाही."

म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाई. एकदा तपासलं. दर आठवड्याला माग सोडून येणं होत नाही तर शुक्रवारी दोनला फोन करा म्हणाल्या. फोन गावात एकच, पोस्टात. मामाजी त्याला हात लावत नाहीत. "तूच बोल गा पुंड्या. तुले बोलाची हौस हाय."

बोललो. बाई म्हणाल्या, एकदम बंद नाही, रोज थोडी थोडी कमी.

१३ जाने.
थोडी म्हणजे किती? मामी म्हणे तुरीएवढी, मामाजी म्हणे वाटाण्याएवढी. भांडण. शेवटी मामाजींनीच तोड काढली. कोष्टीच ते. सोनाराचा काटा मागून आणला. एका पारड्यात रोजची गोळी, दुसऱ्यात तेवढ्या वजनाची सुताची लडी. रोज सकाळी लडीतून तीन हात सूत तोडायचं, उरलेल्याच्या तोलाची गोळी. सूत संपलं की अफू संपली.

काय डोकं आहे!

१९ जाने., शुक्र.
फोनवर बाई खुश. "तुमच्या मामांना म्हणावं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही." मग प्रश्न, अफू उतरताना काय काय होतं त्याचे. जांभया किती? नाक गळतं का? अंगावर काटा? डोळ्याची बाहुली मोहरीएवढी की मुगाएवढी? मी त्यांचे डोळे, त्या म्हणतात. फोनवर खरखर, सगळं ओरडून सांगावं लागतं. "शौचाला? हो, साफ झाली! दोनदा!" तिकिटाच्या रांगेतला पाटील म्हणाला, "अभिनंदन." मामाजी दोन दिवस पोस्टासमोरून जाईनात.

२५ जाने.
जांभया चौदा. पोटऱ्या दुखतात, मी दाबतो. चिडचिड. मामीला म्हणाले भाजीत मीठ नाही, होतं. पण मागावर बसतात. बाहुली मुगाएवढी.
(पारशिवनीकडे जाणारा एक बैलवाला भेटला. चल म्हणाला. गेलोच असतो. सकाळी वजन कोण करणार? मामीला काटा दिसत नाही.)

१ फेब्रु.
मामाजी एकदम बरे! दुपारी गाढ झोपले. उठून हसले, मामीला "काय वं, म्हातारी झाली का?" जांभई एक नाही. वाटलं, जिंकलो.

२ फेब्रु., शुक्र.
बाईंना आनंदानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाहुली?" मोहरीएवढी. "शौचाला?" तीन दिवस नाही. "अफू वाढलीय त्यांची." शक्य नाही, मी स्वतः तोलतो. "सोमवारपासून घरात काय काय झालं? सगळं सांगा, फालतूसुद्धा." सांगत गेलो. मांजर व्याली. मी कुही गाव पाहून आलो. मामीनं नव्या सुताला खळ लावली.
"कोणत्या सुताला?"
धावत घरी. मामी चुलीपाशी. "लडी मळली होती, तीही बुडवली खळीत. सूत म्हटलं का खळ लावाच लागते बापा!"
तांदळाची पेज सुकून लडीवर बसलेली. लडी जड, तेवढी गोळी जड. पाच दिवस मी मोठ्या दिमाखानं पेज तोलत होतो.
पोस्टात परतून बाईंना सांगितलं. नवी लडी केली, बिनखळीची. बाईंनी सांगितलं तेवढीच, मागच्या रविवारच्या मापाची.

३ फेब्रु.
मामाजी मागावर बसून, धोटा हातात, चालवत नाहीत. मी पाणी दिलं तर म्हणाले,
"मले मालूम होतं गा."
काय?
"खळीचं सूत बोटाले लागलं का समजते. चाळीस वर्सं तेच करून राहिलो. सोमवारीच समजलं."
मग सांगितलं काहून नाही?
"चांगलं वाटत होतं."
बाहेर जाऊन बसलो. रागावलो नाही, खरं तर मला ते फार ओळखीचं वाटलं.

२० फेब्रु.
जांभया पाच. रात्री झोप बऱ्यापैकी. लुगड्याचा काठ पुरा केला, एक धागा चुकला नाही. मामीनं शेजारणीला तीनदा दाखवला. मी इथं दीड महिना. एवढं एका जागी मी शाळेतही नव्हतो.

४ मार्च
काल सूत संपलं. आज पारड्यात काही नाही. मामाजींनी रिकामा काटा दोन मिनिटं धरून ठेवला. बाई म्हणाल्या होत्या, अवघड आता पुढंच आहे, शुक्रवार चुकवू नका.

५ मार्च
डबी मामीनं विहिरीत टाकली. राहिलं कार्ड. मामाजींनी ते माझ्या हातात दिलं.
"नागपूरले कचेरीत देऊन ये. मग कमलले सांग."
तुम्हीच द्या ना मामाजी, मी कुठं भरकटलो तर?
"म्हनून तर तुले देतो. देल्लं तं गेलं, हरवलं तं गेलं. अन् मले पलटून मागाव वाटलं तं तू सापडशील का? तुह्या बापाले तू पाच वर्सांत सापडला नाहीस."
मामी हसून हसून लोळली. मीही.

६ मार्च, बुध. खापरखेडा
कचेरी राहिली. म्हणजे पोचलो होतो, पण वाटेत तलावावर गळ टाकून एक म्हातारा बसला होता, त्याला मोठा मासा... पोचलो तर दार बंद.

ताईला सगळं सांगितलं. खळीचंही. पोरगं माझं बोट धरून चोखत होतं. मग ताईनं हात पुढं केला, "आण ते कार्ड, मी ठेवते."
नाही दिलं. मामाजींनी माझ्याकडं दिलंय.
"तुह्यावर भरवसा?" म्हणाली. पण हसली.

उद्या दहाला कचेरी उघडते. साडेनऊलाच पायरीवर जाऊन बसतो. परवा दोनला फोन आहे, तोवर गावी पोचायचं. ताई म्हणाली, मीही येते, दोघंच का तिघं ते सकाळी पाहू. आता पिशवी भरतेय. एक झबलं आत टाकलं. बाहेर काढलं, घडी मोडून परत घातली. तेवढ्यात पोरगं रडलं म्हणून मी उचलायला गेलो. वळून पाहिलं तर पिशवीचे बंद बांधून झाले होते, झबलं बाहेर नव्हतं.