पावणेदोन तासांचं विमान

मानसरोवर, जयपूर
१० ऑक्टोबर २०२५

चि. रणजितला ताईचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या दाजींची विमा कंपनीतली बदली आणखी दोन वर्षं तरी हलत नाही. अर्णव दहावीला आहे, मराठी अजून हिंदीत बुडवूनच बोलतो. तुझ्या सोनलची कंबर आता कशी आहे?

काल तू पुन्हा तेच पाठवलंस. कुठल्याशा वेबसाइटचं पान. जयपूर ते कोल्हापूर अकराशे चाळीस किलोमीटर, विमानाने पावणेदोन तास. सोबत एक शब्द नाही. अरे, पण ते विमान आहे कुठे? नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि वेगाने भागलं, झालं! त्या रेघेवरून कावळा जाईल, मी कशी जाऊ? मला मुंबईत उतरावं लागतं, पुढच्या विमानासाठी ताटकळावं लागतं, आणि ते चुकलं की पुढे गाडीने कोल्हापूर.

आई गेली त्या सकाळी मिळेल ते पहिलं विमान धरलं मी. तू हेच पान बघून सगळ्यांना सांगितलंस, ताई दुपारपर्यंत पोचते. लोक थांबले, ऊन चढलं, शेवटी तुम्ही तिला नेलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रात्री मी दारात उभी राहिले तर भावकीसमोर म्हणालास, "पावणेदोन तासांची वाट. यायचं असतं तर आली असतीस."

आईचं तोंड बघायला मिळालं नाही रे मला. आणि तू मला वेळ सांगतोस!

हे लिहायचं नव्हतं. सोनलच्या कमरेची चौकशी करून पत्र संपवणार होते. पण आता सगळंच लिहिते. फेब्रुवारीत सोनलने स्टेटसला तुझा कचोरी खातानाचा फोटो टाकला आणि घटकाभरात काढला. राजा पार्कातलं ते दुकान आमचं नेहमीचं आहे. मागची पाटी मला ओळखू येणार नाही होय? अर्णव म्हणाला, "मतलब मामा इथे आला होता? मग घरी का नाही आला?" मी म्हटलं, जुना फोटो असेल. पोराशी खोटं बोलले तुझ्यासाठी.

म्हणजे तूही मुंबईत विमान बदललंस. तूही ताटकळलास. ते पावणेदोन तास केवढे असतात ते अंगावर काढलंस, आणि घरी जाऊन पुन्हा तेच पान मला पाठवतोस? राजा पार्कहून माझं घर स्कूटरवर अर्धा तास. ते अंतर कुठल्या वेबसाइटवर बघायचं?

रागाने लिहितेय, अक्षर लावून घे.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. आई गेली त्या वर्षी सण नव्हता. गेल्या वर्षी मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. शेजारची सुरुची दोरीवरचे कपडे काढायला आली होती. आपली रीत सांगितली तर म्हणाली, "दीदी, आपके भाई नहीं हैं क्या?" मी ताम्हन उचललं आणि खाली आले.

बीजेचा चंद्र तो केवढा, फार वेळ थांबतही नाही, पण येतो. यंदा ताम्हन घासून ठेवलंय. येणार असलास तर किती वाजता पोचतोस ते मात्र सांगू नकोस. मी जेवायची थांबेन.

भाऊ असलेली,
तुझी ताई