लाल पायजम्याची परतफेरी

युनोसावा, दहा फेब्रुवारी

प्रिय मित्सुए ताईस,

धाकट्या फुसाएचा वाकून नमस्कार. इकडे बर्फानं खालच्या मजल्याच्या खिडक्या गिळल्या आहेत. तुमच्याकडे दक्षिणेला फुलं आली असतील. भावोजींची कंबर आता कशी आहे?

काल एक पार्सल आलं. आत लाल लोकरी पायजमा एक, इस्त्री केलेला. मुळ्याचं लोणचं एक बरणी. घेवड्याच्या गोड सारणाच्या वड्या, डबा एक. माकडाचं चित्र असलेला पंचा एक. टपालखर्च नऊशे साठ येन, तोही पाठवणाऱ्यानंच भरलेला. (म्हणजे आता परतभेटी आपल्या गळ्यात.)

हा पायजमा मागच्या महिन्यात आमच्या 'बगळा' नावाच्या खोलीच्या कपाटात सापडला. त्या सकाळी तिथून डग्लस-सान नावाचे एक ऑस्ट्रेलियन पाहुणे निघून गेले होते. बर्फावर घसरायला आले होते. मनुष्य सज्जन, फक्त दरवाजाच्या चौकटीला रोज डोकं आपटायचे. पायजमा मागच्या बाजूला चांगला वीतभर फाटलेला. आमचे हे म्हणाले, "अगं, टाकून गेलाय तो!" झालं. सासूबाई गरजल्या, "टाकायचा असता तर अशी चौपदरी घडी घातली असती? चार पिढ्यांत या घरातून पाहुण्याचा मोजासुद्धा हरवलेला नाही!" आणि तिथल्या तिथे दाराशी असलेल्या दगडी जिझोदेवापुढे हात जोडून बोलल्या, की ज्याची वस्तू त्याच्या अंगाला लागेपर्यंत माझ्या अंगाला पाणी लागणार नाही.

ताई, गरम झऱ्याच्या विश्रामगृहाची मालकीण आणि अंघोळ बंद! बरं, गप्प खोलीत बसतील तर सासूबाई कसल्या. रोज संध्याकाळी दुलईचा कोट घालून कुंडाच्या काठावर बसतात आणि पाण्यातल्या उघड्या पाहुण्यांकडे टक लावून पाहतात. बायका माना खाली घालून निघून जातात. शेजारच्या विश्रामगृहाची मालकीण ओतामी रस्त्यात मला गोड आवाजात म्हणाली, "तुमचा झरा आटला का हो?"

म्हणून मी पायजमा धुतला आणि जिझोदेवाच्या टोपीसाठी आणलेल्या लोकरीचं ठिगळ लावलं. (देव अजून बोडका आहे, पण तो समजून घेईल.) सासूबाईंनी आतून आमच्या विश्रामगृहाचा नाव-पत्ता शिवला, पुन्हा हरवू नये म्हणून. आमचे हे पहिल्या गाडीनं डग्लस-सानांच्या पुढच्या मुक्कामी गेले आणि दोन्ही हातांनी पायजमा पुढे केला. डग्लस-सान गोंधळले, मग वाकले, पुन्हा डोकं आपटलं आणि परतभेट म्हणून एक काळं, खारट, पावाला लावायचं चाटण दिलं. (मी त्यानं तव्याची काजळी घासून पाहिली. निघते.)

पण त्यांनी तो तिथेच ठेवला. तिथल्या मालकीणबाई आपल्यासारख्याच; त्यांनी तो धुतला, सोबत लोणचं दिलं आणि माणसाकरवी माकडं अंघोळ करतात त्या कुंडाजवळच्या पुढच्या मुक्कामी पोचवला. तिथून डग्लस-सान पहाटे मागच्या दारानं निघाले म्हणे. पण तिथले मालक वड्या आणि पंचा घेऊन स्टेशनवर पळाले आणि सुटत्या गाडीच्या दारातून गाठोडं त्यांच्या हातात कोंबलं. ते त्यांनी सामानाच्या फळीवर सोडलं. शेवटच्या स्टेशनवरच्या बाबूंनी आतला पत्ता वाचला आणि काल ते आमच्या दारात! सासूबाईंनी पार्सल पाहिलं आणि पुन्हा काठावर जाऊन बसल्या. या वयात, या थंडीत, रोज. काल रात्री खोकत होत्या. मला आता हसू येत नाही.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या गरम वाळूच्या स्नानाला पाहुण्यांना गळ्यापर्यंत पुरताना भावोजींना फावडं उचलू देऊ नकोस.

तुझी,
फुसाए

ता. क. लोणच्याच्या बरणीखाली डग्लस-सानांची चिठ्ठी सापडली. पोस्टातल्या मुलीकडून वाचून घेतली. लिहितात, की तुमच्या देशाची ही भेट मला तीन वेळा मिळाली, मन भरून आलं. पण ती माझ्या गुडघ्यापर्यंतच येते. आणखी कुणाला देता येईल का?

आणखी एक. त्यांच्या आधी बगळा खोलीत कोण उतरलं होतं, ते मला आज देवापुढे दिवा लावताना आठवलं. नवीन वर्षाला भावोजी लहान मुलांच्या उतारावरून बसून खाली आले होते. उभ्यानं आलो असं आम्हाला सांगितलं, पण रात्रभर पाठ भिंतीला लावूनच वावरत होते. आणि ती चौपदरी घडी, ताई, आईनं आपल्या दोघींनाच शिकवली होती; भावोजींनी ती तुझ्याकडूनच उचलली असणार.

त्यांना चारचौघांत नको, एकटे असताना विचार. पायजमा सोबत पाठवला आहे. त्यांना एकदा घालायला लाव आणि 'अंगाला लागला' एवढंच उलट टपाली कळव. सासूबाईंसाठी पाणी काढून ठेवते.

आणि त्यांचा नसला, तरी घालायला लाव.