तीन विमानांची सोय

लालबाग, मुंबई
अधिक ज्येष्ठ

आदरणीय व्याहीबुवा श्री. शामराव राणे यांस, जयवंत परबाचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचं ब्लडप्रेशर, बागेतली कलमं आणि तुमचा तो भांडखोर गडी, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. आंब्याची पेटी पोहोचली. (वरच्या थरातले फार गोड होते. खालच्या थराबद्दल व्याह्याने बोलू नये.) पत्र पाहून दचकू नका. मुलीच्या बापाने मुलीच्या सासरी काही मागू नये हे मला कळतं, आणि मी काही मागणारही नाही.

माझ्या विमानांबद्दल तुम्ही श्रेयाच्या लग्नात ऐकलं होतं. तुम्हाला ती खेळण्यातली वाटली असावीत, कारण तुम्ही "छान छंद आहे" म्हणालात. ती खरी आहेत. मी पंधरा वर्षं हवाई दलात फिटर होतो. मग गिरणीत लागलो, तीन वर्षांत गिरणी संपावर गेली ती गेलीच, आणि उरलेली नोकरी मी दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, एका भंगारवाल्याकडे केली. (विहीणबाईंना सांगा, नावावर जाऊ नका.) तिथे लिलावातून हवाई दलाची निकामी विमानंही यायची. एकदा एक नॅट जातीचं छोटं लढाऊ विमान आलं, आणि त्याच्या पोटाचे रिव्हेट मी माझ्या हाताने ठोकलेले होते. कटरवाला गॅस पेटवून उभा होता. मी मध्ये आडवा पडलो. पुढे एक हार्वर्ड आलं, एक व्हॅम्पायर आलं. तिघांना शेडच्या मागच्या बाजूला ठेवून चाळीस वर्षं दर रविवारी पुसलं, तेल दिलं, चाकं फिरवली. आमची ही म्हणायची, देव इतके पुसले असते तर मोक्ष मिळाला असता. (तिला मिळाला असावा. मी अजून लालबागमध्येच आहे.)

आता ती शेड आषाढाच्या आत रिकामी करायची आहे. म्हटलं, देशाची वस्तू आहे, देशात कुणाला तरी हवी असेल. व्याहीबुवा, सव्वीस जानेवारीला विमानं बघून टाळ्या वाजवणारे पुष्कळ, पण एक ठेवायला तीस फूट जागा द्या म्हटलं की सगळ्यांना मीटिंग असते. एका संग्रहालयाने विमानाच्या जन्माचे कागद मागितले. एका कॉलेजने होकार दिला, पण गेटमधून वळत नाही म्हणून शेपूट कापून आणा म्हणाले. हार्वर्ड गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने गणपतीच्या देखाव्याला नेलं. अध्यक्ष निलेश पाया पडून म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं, आपलंच समजून सांभाळतो." आपलंच समजले. गल्ली अकरा फुटांची, म्हणून पंख करवतीने उतरवले आणि उरलेल्याला सोनेरी रंग फासला. विसर्जनाला गणपती गेला, विमान तिथेच राहिलं. आता त्यावर स्पीकरचे खोके ठेवतात. व्हॅम्पायरचं नाक लाकडाचं असतं, त्यात वाळवी शिरली. चाळीस वर्षांत माझ्या संग्रहात मनापासून रस घेतला तो तिनेच, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

राहिलं नॅट. तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या स्वप्नीलरावांनी, एका बिल्डरचा निरोप आणला. टॉवरच्या दारात ठेवू, आत सोफा टाकू, लोक सेल्फी काढतील. "पप्पा, बेस्ट डील आहे," म्हणाले. रविवारी दोघं माझ्या खोलीवर जेवायला आली होती तेव्हाची गोष्ट. मी नाही म्हटल्यावर दुसरा विषय निघाला, माझं पुढे काय. बदलापूरला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. चोवीस तास नर्स, बाग, सगळी सोय. श्रेयाने माझ्या ताटात भात वाढला. ज्या आवाजात ते विमानाबद्दल बोलले, त्याच आवाजात माझ्याबद्दल बोलले. मोबाइलवर फोटो दाखवले, त्यात आश्रमापेक्षा विमानाचे जास्त होते. मला ते फार लागलं. मी भात कालवला आणि छान आहे म्हटलं. (त्यांच्यावर राग नाही. मुलगा सरळ आहे, तुमच्यासारखाच.)

तुम्हाला आठवत असेल, नातवाच्या बारशाला तुम्ही मला बागेतला अवजारं ठेवायचा मांगर दाखवलात आणि म्हणालात, "रिकामोच आसा. कधीय येवा, आपलोच समजा." पाहुण्याला म्हणायचं म्हणून म्हणालात. मी मात्र तुम्ही पाठ वळवल्यावर पावलांनी मोजून घेतला. लांबी पस्तीस फूट. कौलं चांगली आहेत, फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतं, तेवढं पावसाआधी बघून घ्या.

विहीणबाईंना नमस्कार सांगा. काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला.

आपला,
जयवंत परब

ता. क. : अधिक महिना चालू आहे. जावयाला वाण द्यायचं असतं आणि ते नाकारता येत नाही, हे विहीणबाईंनी मला मागच्या अधिकात, अनारसे मोजून कमी भरले तेव्हा, सविस्तर समजावलं होतं. तेहतीस हवेत, आणि वस्तू जाळीदार हवी. नॅटच्या डाव्या पंखाला गंजून पडलेली भोकं मी काल मोजली. बरोबर तेहतीस भरली. म्हणून यंदा स्वप्नीलरावांना नॅटच दिलं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही, तेव्हा त्यांच्या मूळ घरी, तुमच्याकडे पाठवतो आहे.

आणखी एक : ट्रक गुरुवारी सकाळी निघेल. पंख सुटे करून बांधलेत. चाकं दर आठवड्याला अर्धा फेरा फिरवावी लागतात, नाहीतर एका बाजूने बसतात. ते काम गड्याला सांगू नका, तो भांडेल.

शेवटचं : मुलीच्या सासरी पाण्याचा घोटही घेऊ नये असं मानणारा मी माणूस. बारशाला तुम्ही शहाळं फोडलंत तेही मी परत केलं होतं. ट्रकमध्ये कॉकपिटच्या मागे एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक दिसेल. सामानाबरोबर आलेलं भंगार समजून बाहेर टाकू नका, ती माझी आहे. चाकं मी फिरवीन. मांगरात तेवढा एक माठ भरून ठेवा.