कडू विहिरीचा नमुना

अण्णा, मैंदर्गीच्या वाटेवरची ती कडू विहीर पुन्हा माझ्यापुढे आली आहे. तुम्ही तिचे नमुने गोळा करायचात आणि सुट्टी असली की मला सोबत न्यायचात. आता सोलापुरातल्या प्रयोगशाळेत तिचा अहवाल मी लिहिते. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली.

माझं रसायनशास्त्र शाळेच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात सुरू झालं. तुम्ही खिडकीतल्या उन्हात स्टीलच्या चार ताटल्या मांडता, प्रत्येकीत वेगळ्या पाण्याचा थेंब. पावसाचा थेंब वाळून काहीच मागे ठेवत नाही. नळाच्या पाण्याची पुसट कडा उरते, बोअरची जाड आणि कडू विहिरीचं चक्क पांढरं पीठ. "पाणी खडकातनं येताना जे भेटंल ते बरोबर घेतंय की. ह्यो चुना. आन् कडू लागतंय ते मॅग्नेशियम, त्यानंच पोट साफ होतंय." मग बोटाने चव घ्यायला लावता आणि लगेच म्हणता, "थुंक. तपासल्याबिगर गिळायचं न्हाई."

विहिरीच्या पायरीवर एक म्हातारी गुडघे पाण्यात बुडवून बसलेली असायची. कानडी वळणाने, धाकट्या भावाला म्हणावं तसं, ती तुम्हाला डिवचायची, "तम्मा, तुझ्या बाटलीला काय कळतंय माझ्या गुडघ्याचं?" तुम्ही हसून म्हणालात, "न्हाई कळत, म्हणून तर तुमाला इचारतोय." आणि नोंदवहीत क्षारांच्या खाली वेगळी ओळ लिहिलीत: गुडघ्यांना आराम पडतो असे लोक सांगतात. तिला तुम्ही खोटी ठरवली नाहीत आणि तिचं म्हणणं तपासणीतही घुसडलं नाहीत. इतकं सरळ काम करणारं माणूस मला पुढे फारसं भेटलं नाही.

एकदा मी बाटली न विसळताच भरली. तुम्ही ती ओतून टाकलीत आणि मला पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरायला लावल्यात. "ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्यानं तीनदा विसळायची." कागद गुंडाळलेल्या छोट्या बाटलीला मात्र तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत. तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असं वाटून मी परतीच्या एसटीत तुमच्याशी बोलले नव्हते.

आता गावातल्या मंडळींना ते पाणी बाटल्यांत भरून विकायचं आहे. "मॅडम, औषधी एवढा एक शब्द लिवा की." मी नाही म्हटलं. गेल्या आठवड्यात दोन्ही बाटल्या, क्षारांची मोठी आणि जंतूंची छोटी, भरून आणल्या. छोटीत जंतू निघाले. मी अहवालावर सही करून तो पाकिटात घातला. दुपारी चहाचा कप तीनदा विसळताना हात थांबला. विहिरीवर मी छोटी बाटलीही विसळली होती. ती निर्जंतुक करून दिलेली असते, तशीच भरायची असते, हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. पण पायरीवर हात तुम्ही लावलेल्या सवयीने चालला. ते जंतू विहिरीचे होते की माझ्या हाताचे? त्या कागदावर विहीर बंद झाली असती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं की, सर."

नमुना पुन्हा घ्यावा लागेल असं कळवलं, तर गावाकडून फोन आला, "तुमच्या वडलांनी एका खेपेत काम केलं असतं." "खरं आहे," मी म्हणाले. काल पुन्हा जाऊन आले. छोटी बाटली तुम्ही धरायचात तशी बुडापाशी धरली आणि न विसळता भरली. जंतू निघाले तर तसं लिहीन. नाही निघाले तरी 'औषधी' लिहिणार नाही. क्षार लिहीन, आणि खाली गुडघ्यांची वेगळी ओळ.

हे पत्र नोंदवहीतच राहील. एक गोष्ट तेवढी साहेबांना सांगितलेली नाही. काल बाटल्या भरून झाल्यावर मी बोटाने चव घेतली. तीच होती, ताटलीतली. मी थुंकले नाही, अण्णा.