यंदाचा मुऱ्हाळी

धुळे, ९ एप्रिल १९८७

प्रिय लीलाधर,

तुला अक्काचा आशीर्वाद. दोन महिने मी गप्प होते ते रागाने, हे तू ओळखलंच असशील. राग अजून गेलेला नाही.

काल शिंदखेड्याला गेले होते. पंचायतीच्या निवडणुकीनंतर तुझ्या गटाच्या पोरांनी आपल्या गावात ज्यांची घरं पेटवली, ती बाया-लेकरं तिथल्या बंद जिनिंगच्या शेडात राहतात. त्यांचे पुरुष काही दवाखान्यात, काही सुरतेला पळालेले. तान्ही पोरं सरकीच्या पोत्यांवर निजवलेली. मला वाटलं, आमदारबाई आली म्हणून बाया गाऱ्हाणी सांगायला येतील. तर यशोदाबाईने लेकीला पदराआड ओढलं आणि विचारलं, ‘अक्का, तुमले भाऊनी धाडं का?’ फिर्याद मागे घ्यायला लावायला आले, असंच त्यांना वाटलं. लीलाधर, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

माझ्या पहिल्या निवडणुकीत घसा बसेपर्यंत माझ्यासाठी ओरडत फिरलेला तू. मतमोजणीच्या दिवशी तर तुझ्या तोंडून शब्द फुटेना, नुसता हातवारे करत नाचत होतास, वेडा कुठला! तुझ्यावर माझा फार जीव आहे. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याने होणार नाही. ‘गावचं भांडण गावात राहू दे’ म्हणतोस, पण त्या बायांना गावात राहू कुठे दिलंत?

सोमवारी मी विधानसभेत उभी राहणार आहे. त्यांना घरं बांधून द्या, पोरांना शाळेत बसवा, गावात पोलीस ठेवा, एवढं मागणार आहे. गावाचं नाव विचारतील, सांगेन. सरपंच कोण विचारतील, तेही सांगेन. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

आणि आज गावाकडून तुझा गडी अभिमन निरोप घेऊन आला, की अखाजीच्या सणाला तू स्वतः मुऱ्हाळी होऊन मला माहेरी न्यायला येतोयस. म्हणून हे पत्र. माझ्या दारी येऊ नकोस. बैलगाडी शिंदखेड्याला ने. यशोदाबाईला, तिच्या लेकीला, सगळ्यांना मुऱ्हाळी म्हणून तू स्वतः हात जोडून घेऊन ये. त्या गावात उतरल्या, की मी बोलावण्याची वाट न बघता येईन. नाही आल्या, तर यंदा माझं माहेर त्या शेडात. सणाच्या सांजोऱ्या मी तिथेच तळेन.

तुझीच,
अक्का