चौथ्या चौकटीतला हात

पुएब्ला, ९ जानेवारी

प्रिय कूका,

देवाची कृपा आणि तुझ्या गुडघ्यांची मर्जी असेल, तर हे पत्र तू स्वतः दाराशी येऊन घेतलं असशील. तुझा मोतीबिंदू काढला का? तिकडे वेराक्रूसच्या दमट हवेत सांधे जास्त धरतात, हे मी तुला दर नाताळच्या पत्रात लिहिते आणि तू दर नाताळच्या उत्तरात त्याकडे दुर्लक्ष करतेस. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे रक्तदाब वर, दात पेल्यात आणि जिभेला अजून काही झालेलं नाही. या वर्षीचं नाताळचं पत्र तर पोचलं, मग हे दुसरं कशाला, असं तुझ्या मनात येईल. (तार खात्यात तीस वर्षं मी लोकांची मरणं दहा-दहा शब्दांत बसवली. त्यामुळे निवृत्तीनंतर शब्दांची काटकसर करायची नाही असं ठरवलं आहे. तेव्हा चष्मा लाव आणि बस.)

तुझ्या चित्रकथेतल्या 'गिधाडिणी'चा तो कार्टूनपट आमच्या पेठेतल्या सांस्कृतिक भवनात लागला. सहा तारखेला, तीन राजांच्या दिवशी, मुलांसाठी म्हणून दुपारी. माझ्या भाचीची मुलगी यारेत्सी, वय बारा, गेला महिनाभर त्याच एका जपात होती. तू आणि मी एका बाकावर बसून शिकलो, हे तिने शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की आता माझीही किंमत थोडी वाढली आहे. "लिंदाआजी, तुझ्या मैत्रिणीची गिधाडीण आहे आणि तू घरी बसणार? दिग्दर्शक येणार आहे. नंतर गोड पावाचं कडंसुद्धा कापणार आहेत!" मी गेले. जायला नको होतं.

कूका, मी संतापले आहे. का, ते नीट सांगते. तुझा पहिला अंक मला पाठ आहे. तपकिरी शाईतली बत्तीस पानं. झाडू विकणाऱ्याची मुलगी नन्सच्या शाळेत फुकट शिकते. राजांच्या दिवशी पावातला बाळाचा बाहुला तिच्या तुकड्यात निघतो, म्हणून दोन फेब्रुवारीला, कँडेलारियाच्या सणाला, बाळ येशूला नवे कपडे घालण्याचा मान तिचा, आणि सगळ्यांना तमाले खाऊ घालण्याचा खर्चही तिच्याच घरचा. आदल्या दिवशी बाळाचा चांदीचा एक बूट नाहीसा होतो. घुबडासारखा चष्मा लावलेली वर्गमैत्रीण मदर सुपीरियरना सांगते, "देव्हाऱ्याजवळ शेवटी हीच होती." संपलं. मुलीला फाटकाबाहेर काढतात. ती रडत नाही. शाळेचा काळा झगा अंगावर तसाच ठेवते, रात्री भिंत चढून आत येते आणि कपाटातून स्वतःचं प्रगतिपुस्तक चोरते. पहिली चोरी काय, तर स्वतःचे गुण! असं काही सुचायला डोकं लागतं, आणि ते तुला होतं. मग अठरा वर्षं तिने त्याच झग्यात छपरांवरून फिरून भेसळवाल्यांना आणि भामट्या वकिलांना लुटलं, आणि अख्खा देश न्हाव्याच्या दुकानात बसून ते वाचत राहिला.

आता सिनेमा. पहिल्या तीन मिनिटांत तिचे आईवडील ज्वालामुखीच्या लाव्ह्यात जातात. (तुझे वडील ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत झाडू विकत होते, आणि ज्वालामुखीची राख दारात पडली की त्यांचा धंदा वाढायचा.) मुलगी रडते, रडता रडता गाते. तिच्या खांद्यावर एक चिलखती पाठीचा आर्माडिलो आहे, तो बोलतो, आणि बोलतो म्हणजे थांबतच नाही. सगळं जांभळं. आणि मदर सुपीरियर! डोळे हिरवे, तळघरात चोरलेल्या दागिन्यांची रास, बूट तिनेच ढापलेला. अगं, आपल्या मदरनी आयुष्यात मेणबत्तीचा बुडखासुद्धा स्वतःसाठी ठेवलं नाही. छडीने माझी बोटं फोडली ती गोष्ट वेगळी, पण चोरीचा आळ?

तेही सोसलं असतं. पण घुबडाचं काय केलं बघ. घुबड नाहीच. तिच्या जागी 'लूस' नावाची एक गुबगुबीत, गालावर खळ्या असलेली मुलगी आहे. ती स्वतःच्या पावाचा अर्धा तुकडा मोडून देते, फाटकाशी उभी राहून हुंदके देते आणि शेवटी गिधाडिणीसाठी खिडकी उघडी ठेवते. यारेत्सीने माझा दंड दाबला आणि कानात म्हणाली, "लिंदाआजी, ही अगदी तुझ्यासारखी आहे गं!"

मी दंड सोडवून घेतला. 

तुझ्या अंकाच्या सहाव्या पानावर चौथी चौकट आहे. तिच्यात चेहरा नाही, फक्त एक हात. डावा. मधल्या बोटावर शाईचा डाग, आणि मुठीत काहीतरी चमकतंय. मी एकोणीस वर्षांची होते, बाजाराबाहेर भाड्याने अंक वाचायला द्यायचे त्या बाकावर बसले होते. ती चौकट आली आणि मी हात खिशात घातला. मग अंक परत न करताच उठून चालू लागले, मालक गल्लीभर मागून ओरडत होता. (ती माझी दुसरी चोरी.) आपल्या वर्गात डाव्या हाताने लिहिणारी एकच मुलगी होती, आणि त्यासाठीच छड्या खायची. तुला माहीत होतं. तरी त्या नाताळला तू मला पत्र लिहिलंस, आणि मी उत्तरात तुझ्या सांध्यांची चौकशी केली. तेव्हा तुला सांधेदुखी नव्हतीसुद्धा.

सिनेमा संपला, दिवे लागले. दिग्दर्शक फाउस्तिनो, केसांची शेपटी, गुडघ्यावर फाटकी विजार, विचारतो, "कुणाला काही प्रश्न?" मी उभी राहिले.

"चौथ्या चौकटीतला हात कुठे गेला?"

"हो, तो..." त्याने शेपटी कुरवाळली. "बाई, तो हात डावा होता ना. छापताना चित्र उलटं पडलं असेल, असं धरून..."

"उलटं? अरे पोरा, तो हात मी सत्तर वर्षं बघतेय! हा बघ!"

आणि मी हात वर केला, कूका. अडीचशे माणसांसमोर. शाईचा डाग गेलाय, छडीने वाकडं झालेलं बोट तसंच आहे. एक आर्माडिलोचा मुखवटा घातलेलं पोर रडायला लागलं. मागून मक्याच्या पानांत उकडलेले तमाले विकणारी दोन्या चोले म्हणाली (कुजबुजली म्हणणार होते, पण तिला ते येत नाही), "अगं बाई, म्हणजे घुबड ही होय! तरीच!"

फाउस्तिनो मंचावरून उतरून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "हात आम्ही नाही काढला. दोन्या रेफुहियोंनी (म्हणजे तू, कूका) काढायला लावला. सही करताना त्यांची एकच अट होती. म्हणाल्या, सगळं बदला, हवं तर तिला गायला लावा. पण तो हात वगळा. ती अजून आहे, आणि तिच्या घरात एक लहान मुलगी येते-जाते."

तुला हा उपकार करायला कुणी सांगितलं होतं? मी विचारते, कुणी? इतकी वर्षं मी तुझ्या एका तिखट पत्राची वाट पाहिली. तू रागावली असतीस तर मीही रागावले असते, दोघी भांडलो असतो आणि मोकळ्या झालो असतो. तू मला लूस करून टाकलंस. चांगुलपणाची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. खळ्या तर मला कधीच नव्हत्या.

यारेत्सी घरी येताना माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. काल तिने माझ्या पेटीतून पहिला अंक काढला आणि वाचला. मग विचारलं, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी कांदा चिरत होते, त्यामुळे सोय झाली. मग ती म्हणाली, "हात मात्र हुबेहूब काढलाय." तेवढंच. अजून मला 'आजी' म्हणते, पण आधी जरा थांबते.

गुडघ्यांना कापराचं तेल लाव. मुलाला आणि सुनेला आशीर्वाद.

तुझी (इथे दरवर्षी 'जिवलग' लिहीत आले, आज ते लिहवत नाही)
एर्मेलिंदा

ता. क. दुसरा भाग काढताहेत असं ऐकलं. त्या शेपटीवाल्याला कळव, हात परत घाल. डावा. आर्माडिलो काढला तरी चालेल.

ता. क. २. बूट माझ्याकडे आहे. बिस्किटांच्या डब्यात, कापसात. शाळा बंद पडली, मदर गेल्या, परत करायला तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. टपालाने पाठवणार नाही, त्या खात्याची माणसं मी जवळून पाहिली आहेत. तुला येऊन न्यावा लागेल.

ता. क. ३. हे लिहायचं नव्हतं. सहा तारखेला, त्या सगळ्या तमाशानंतरही, दोन्या चोलेने मला पावाचा तुकडा दिला आणि बाहुला माझ्या दाताखाली आला. गिळावा असं वाटलं. कारण त्या वर्षीही तो माझ्याच तुकड्यात होता, कूका. चाळीस मुलींना तमाले घालायचे म्हटल्यावर आई काय म्हणेल, या भीतीने मी तो तुझ्या तुकड्यात ढकलला. मग तुला पांढरी ओढणी मिळाली, मान मिळाला, आणि मला ते बघवेना. तुझ्या आईने दोन दिवस मका दळून जे तमाले केले, ते माझ्या आईने करायचे होते. हे तुझ्या कुठल्याच चौकटीत नाही, म्हणजे हे तुला माहीत नव्हतं.

या वेळी बाहुला तोंडातून काढून सगळ्यांना दाखवला. दोन फेब्रुवारीला तमाले माझ्याकडे आहेत, हिरव्या मिरचीचे. यारेत्सी मक्याची पानं भिजत घालणार आहे. ये.