बाईंनी शकूलाच विचारलं

बुधवार, संध्याकाळ. पिंपरी, १९७६

आज आमच्या शकूला कान तपासणाऱ्या बाईंकडं नेलं. चार वर्साची झाली, ऐकू येत न्हाई. बहिऱ्या पोरांच्या बोर्डिंगात ठेवा म्हणतील, हीच भीती होती.

बाई पोरीसमोर खाली सतरंजीवरच बसल्या. मला म्हणाल्या, "घरी कसं बोलता हिच्याशी?"

मी चाचरत सांगितलं. ह्यांच्या कंपनीत मशिनींच्या आवाजात माणसं हातानंच बोलतात. ते हातवारे ह्यांनी पोरीला शिकवले, अन् पोर मुकीच राहील म्हणून मी भांडायची.

मग बाईंनी हातानंच शकूला विचारलं, मी कोण? पोरीनं कपाळावर आडवा हात धरला.

मी लाजून सांगितलं, "साहेब आला म्हणती. कंपनीतली खूण हाय ती, टोपीवाल्या साहेबाची."

बाई खो खो हसल्या. "अहो, बोलती की तुमची लेक! बोर्डिंगाचं राहू द्या. आधी तुम्ही तिची भाषा शिका."

एवढ्या शिकलेल्या बाई, खाली बसल्या. पोरीलाच विचारायला. मला का न्हाई सुचलं?

घरी आल्यावर मी पहिल्यांदा हातानं विचारलं, काय गं? शकू बघतच राहिली. मग तिचे हात थांबेचनात. मला निम्मं पण कळलं न्हाई. केवढं बोलायचं होतं तिला!